घात पावसाचा नाही, उन्हाचा

४ डिसेंबर १९५० रोजी ब्रिस्बेनच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार लिंडसे हॅसेट याने आपल्या संघाचा दुसरा डाव ७ बाद ३२ धावांवर घोषित केला. आकडा छापताना चुकलेला नाही. बत्तीसच. त्याच दिवशी, थोडं आधी, इंग्लंडचा कर्णधार फ्रेडी ब्राऊन याने आपला पहिला डाव ७ बाद ६८ वर सोडून दिला होता, आणि तेव्हा त्याचा संघ चक्क १६० धावांनी मागे होता. कसोटीत डाव घोषित करायचा तो धावांचा डोंगर उभा केल्यावर, समोरच्याचा पुरता घाम काढून. इथे मात्र दोन मुरलेले कर्णधार ‘आधी तुम्ही खेळा, नाही, आधी तुम्हीच’ असा आग्रह करत असल्यासारखे वागत होते. दिवस संपेपर्यंत २० गडी बाद झाले होते.

दोघांपैकी कुणालाही वेड लागलेलं नव्हतं. शुक्रवारी याच जागेवर ऑस्ट्रेलियाने २२८ धावा केल्या होत्या. मग शनिवार-रविवारी पाऊस कोसळला आणि सोमवारी लख्ख ऊन पडलं. त्या उन्हात खेळपट्टीचं जे काही झालं, त्याला इंग्रजीत ‘स्टिकी विकेट’ म्हणतात. चिकट खेळपट्टी. हॅसेट आणि ब्राऊन दोघांनाही तिच्यावर फलंदाजी नको होती; दुसऱ्याला तिच्यावर उभं करायचं होतं.

आज हा शब्दप्रयोग क्रिकेटच्या बाहेरच जास्त ऐकू येतो. कागदपत्रं कच्ची असलेल्या अशिलाला वकील सांगतो की आपण स्टिकी विकेटवर आहोत. संसदेत अवघड प्रश्नाला उभा राहणारा मंत्री स्टिकी विकेटवर फलंदाजी करत असतो. शब्दकोशात अर्थ एका ओळीत उरकलेला असतो: अडचणीत सापडणे, नाजूक परिस्थितीत असणे. अर्थ बरोबर आहे, पण अर्धा. ‘अडचण’ म्हटलं की ती कुणाच्या तरी चुकीनं आलेली असू शकते, जन्मभर पुरणारी असू शकते. चिकट खेळपट्टी तशी नसते. ती आभाळातून येते, त्या घटकेला ज्याची पाळी असेल त्याच्याच डोक्यावर बसते, आणि दोन-चार तासांत किंवा एका रात्रीत निघूनही जाते. वाक्प्रचाराची खरी चव या तीन गोष्टींत आहे आणि ती कळायला थोडा चिखल तुडवावा लागतो.

त्याआधी एक किरकोळ गोंधळ निस्तरलेला बरा. मराठीत विकेट म्हणजे पडणारी गोष्ट: विकेट पडली, विकेट काढली, एखाद्याची विकेट गेली. जमिनीच्या त्या २२ यार्डांच्या पट्टीला आपण खेळपट्टी म्हणतो. इंग्रजी बोलीत मात्र तीन यष्ट्यांनाही विकेट, बाद होण्यालाही विकेट आणि पट्टीलाही विकेटच. चिकट असते ती ही पट्टी. अमेरिकेत तर वेगळीच गंमत आहे. तिथे क्रोके या हिरवळीवरच्या खेळात चेंडू ज्या तारेच्या कमानीतून घालवतात तिलाही विकेट म्हणतात, त्यामुळे ‘स्टिकी विकेट’ तिथूनच आली असावी, अशी काही अमेरिकनांची समजूत आहे. कमानीत चेंडू अडकत असेल, पण वाक्प्रचार तिथला नाही.

तो छापील स्वरूपात दिसतो १८८२ साली, ‘बेल्स लाइफ इन लंडन’ या क्रीडा साप्ताहिकात. इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेला ऑस्ट्रेलियन संघ पावसानंतरच्या खेळपट्टीवर पुन्हा एकदा कसा सापडला, याचं ते वर्णन होतं. तेव्हा त्यात अलंकार नव्हता. वार्ताहराने जे दिसलं ते लिहिलं. त्याच उन्हाळ्यात, २८ आणि २९ ऑगस्टला, लंडनच्या ओव्हल मैदानावर असा सामना झाला की पावसाने भिजलेली खेळपट्टी म्हणजे काय, हे त्यातून अगदी क्रमवार समजतं.

ऑस्ट्रेलिया पहिल्या डावात ६३ मध्ये आटोपला, इंग्लंडने १०१ केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला. आपल्याला वाटेल की भिजलेल्या पट्टीवर फलंदाजाचं मरण. पण ह्यू मॅसी या सलामीच्या फलंदाजाने त्याच वेळी ५५ धावा झोडपून काढल्या. चेंडू साबणासारखा निसरडा झाला होता, गोलंदाजांच्या बोटांत ठरत नव्हता, पट्टीवर पडून नुसता सरकत होता. पूर्ण ओली खेळपट्टी गोलंदाजाचीच वैरीण असते. ऑस्ट्रेलियाचा डाव १२२ वर संपला, इंग्लंडला ८५ धावा हव्या होत्या आणि तोवर पट्टी वाळायला लागली होती. फ्रेड स्पॉफर्थने ७ गडी बाद केले; पहिल्या डावातलेही त्याचेच ७. त्याच्या अंगात त्या दिवशी संतापही होता, कारण सॅमी जोन्स हा तरुण फलंदाज खेळपट्टी ठाकठीक करायला क्रीझबाहेर गेला असताना डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी त्याला धावबाद केलं होतं. श्रेय पट्टीला किती आणि रागाला किती, हे वाटून घेता येत नाही. इंग्लंड ७७ मध्ये गारद झालं, ७ धावांनी हरलं, आणि ‘स्पोर्टिंग टाइम्स’ने इंग्लिश क्रिकेटचा तो प्रसिद्ध उपहासात्मक मृत्युलेख छापला. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकांना ॲशेस हे नाव त्या लेखातून आलं.

म्हणजे घात पावसाचा नसतो, नंतरच्या उन्हाचा असतो. असं का होतं, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशीच्या उन्हात काळ्या रानावर कोरडी खपली धरते. वरून वाटतं वाळलं, आणि पाय टाकला की खाली लोणी. खेळपट्टीतही चिकणमातीचं प्रमाण भरपूर असतं. रोलरने दाबून दाबून ती घट्ट केलेली असते. पाणी मुरलं की माती फुगते, मऊ होते. ऊन वरचा थर झपाट्याने सुकवतं, खालचा ओलाच राहतो. चेंडू त्या खपलीत रुततो, तिचा पोपडा उडवतो आणि मग तो कुठे जाईल ते सांगता येत नाही. एक चेंडू हातभर वळतो. त्याच टप्प्यावर पडलेला पुढचा छातीवर उसळतो. तिसरा घोट्यापाशी घुसतो. ऑस्ट्रेलियात ऊन कडक आणि माती जड. मेलबर्नची खेळपट्टी मेरी क्रीक नावाच्या ओढ्याकाठच्या काळ्या मातीची होती. तिथे साध्या मध्यमगती चेंडूनेही फलंदाजाची हनुवटी गाठावी, अशी परिस्थिती व्हायची. इंग्लंडच्या मवाळ उन्हात उसळी कमी, वळण जास्त.

मग झाकत का नव्हते? कारण नियम आणि रूढी दोन्ही आड येत होते. सामना सुरू झाला की पट्टी आभाळाच्या हवाली. गोलंदाज जिथून धावत येतो ती टोकं तेवढी झाकण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असे, मधला भाग उघडाच. क्रिकेट हा निसर्गाच्या सान्निध्यातला खेळ आहे, तेव्हा निसर्गाने जे वाढून ठेवलं ते दोन्ही संघांनी मुकाट्याने घ्यावं, असा त्यामागचा विचार. यात न्याय नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी कोरड्यावर खेळलेला संघ चारशे करायचा आणि सोमवारी ओल्यावर आलेला शंभरात गडगडायचा. पण जुन्या इंग्लिश क्रिकेटशौकिनांना हा अन्याय खेळाचाच भाग वाटायचा, आणि खरं सांगायचं तर त्यातली मजाही.

अशा खेळपट्टीचा राजा कोण? वेगवान गोलंदाज नव्हे. त्याचा पाय चिखलात सरकतो, म्हणून तर मैदानावर लाकडाचा भुसा टाकायचे. राजा म्हणजे डावखुरा संथ फिरकी गोलंदाज. त्याचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर वळतो, उसळतो आणि बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये जातो. इंग्लंडमध्ये अशांची परंपराच होती: यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स, केंटचा कॉलिन ब्लाइथ, पुन्हा यॉर्कशायरचा हेडली व्हेरिटी. १९३४ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलिया शनिवारअखेर २ बाद १९२ असा सुखात होता. आठवड्याच्या सुट्टीत पाऊस झाला. सोमवारी एका दिवसात व्हेरिटीने १४ गडी टिपले, सामन्यात १०४ धावांत १५. ऑस्ट्रेलियावर फॉलोऑन आला आणि दुसरा डाव ११८ मध्ये संपला. डॉन ब्रॅडमन त्या डावात १३ धावा करून बाद झाला. ब्रॅडमनला चिकट खेळपट्टी जमत नाही, हा आक्षेप त्याच्या टीकाकारांनी शेवटपर्यंत सोडला नाही. ९९.९४ सरासरीच्या माणसात खोट काढायला दुसरं होतं तरी काय?

ब्रॅडमनने या आक्षेपाला दिलेलं उत्तर बॅटीचं नव्हतं, डोक्याचं होतं. जानेवारी १९३७, मेलबर्न. मालिकेत ऑस्ट्रेलिया ०–२ असा मागे, कर्णधार म्हणून ब्रॅडमनची पहिलीच मालिका. पावसानंतर पट्टी बिघडताच त्याने ९ बाद २०० वर डाव घोषित करून इंग्लंडला चिखलात ढकललं. इंग्लंडचे गडी भराभर पडू लागले. आता इंग्लंडचा कर्णधार गबी ॲलन याने खरं तर ताबडतोब डाव सोडायला हवा होता, म्हणजे त्याच दुष्ट पट्टीवर ऑस्ट्रेलियाला यावं लागलं असतं. तो रेंगाळला. ९ बाद ७६ वर अखेर त्याने डाव घोषित केला तेव्हा दिवस संपत आला होता. ब्रॅडमनने मग फलंदाजीचा क्रमच उलटा केला. सलामीला पाठवले बिल ओरायली आणि चक फ्लीटवुड-स्मिथ, दोघेही पक्के तळाचे. ओरायली आल्या पावली परतला, पण फ्लीटवुड-स्मिथने तेवढी संध्याकाळ काढली. मधला दिवस रविवारच्या सुट्टीचा. सोमवारपासून पट्टी सुकत गेली. ब्रॅडमन सातव्या क्रमांकावर, ५ बाद ९७ असताना आला. जॅक फिंगल्टनबरोबर त्याने ३४६ धावांची भागी केली आणि स्वतः २७० काढल्या. ऑस्ट्रेलियाने ३६५ धावांनी सामना जिंकला, पुढचे दोन्हीही जिंकले आणि मालिका ३–२ अशी खिशात घातली.

त्या २७० धावांचं कौतुक पुष्कळ झालं आहे. २००१ मध्ये ‘विस्डेन’ने कसोटीतल्या सर्वोत्तम खेळींची यादी केली तेव्हा तिला पहिला क्रमांक दिला. पण आपल्या वाक्प्रचाराच्या दृष्टीने मोलाचा आहे तो फ्लीटवुड-स्मिथ. त्याने धावा केल्या नाहीत. फक्त वेळ खाल्ला.

फलंदाजांनाही अशा पट्टीवर एक वेगळी विद्या शिकावी लागे. पुढे झेपावायचं नाही. चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत पाहायचा. बॅट सैल हातांनी धरायची, म्हणजे कड लागली तरी चेंडू पायाशीच पडतो. सोडण्यासारखा चेंडू सोडायचा आणि अंगावर येणारा अंगावरच घ्यायचा. १९०४ मध्ये मेलबर्नला ऱ्होड्सने सामन्यात १५ बळी घेतले, त्याच सामन्यातल्या ऑस्ट्रेलियाच्या एका डावात १२२ पैकी ७४ धावा एकट्या व्हिक्टर ट्रम्परच्या होत्या. तो मारून खेळणारा होता, त्याचं शास्त्र निराळं. पाठ्यपुस्तकात घालावा असा धडा मात्र जॅक हॉब्स आणि हर्बर्ट सटक्लिफ यांनी जानेवारी १९२९ मध्ये, पुन्हा मेलबर्नलाच, घालून दिला.

इंग्लंडला जिंकायला ३३२ हव्या होत्या, पट्टी भिजून वाळत होती, आणि जाणकारांच्या मते इंग्लंड शंभरातसुद्धा आटोपलं असतं. हॉब्स तेव्हा ४६ वर्षांचा होता. दोघांनी १०५ धावांची सलामी दिली, त्यातल्या कित्येक चेंडूंचे वळ अंगावर घेऊन. मध्येच हॉब्सने नवी बॅट हवी म्हणून तंबूकडे खूण केली. बॅटी आल्या, त्याने त्या पारखल्या आणि परत पाठवल्या. बॅट त्याला नकोच होती. निरोप पाठवायचा होता: पहिला गडी बाद झाला तर डग्लस जार्डिनला पाठवा, या पट्टीवर तोच टिकेल. कर्णधार पर्सी चॅपमनने ऐकलं. हॉब्स ४९ वर गेला, जार्डिनने ३३ धावांची चिवट साथ दिली, सटक्लिफने १३५ केल्या आणि इंग्लंड ३ गडी राखून जिंकलं.

भारतीय संघांना ही विद्या शिकायची सोय फारशी नव्हती. आपलं प्रथम श्रेणीचं क्रिकेट पावसाळा संपल्यावर सुरू होतं. कोरडी पट्टी, फार तर चटईची. त्यामुळे इंग्लंडच्या ओल्या उन्हाळ्यात गेलं की हाल ठरलेले. १९ जुलै १९५२ हा मँचेस्टरचा शनिवार भारतीय क्रिकेटच्या इतिहासातल्या सर्वांत वाईट दिवसांपैकी एक. इंग्लंडने ९ बाद ३४७ वर डाव सोडला आणि सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालचा भारतीय संघ त्या एका दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. एकाच दिवशी दोन्ही डाव संपण्याची नामुष्की कसोटीत त्याआधी कुणावर आली नव्हती. पहिल्या डावात विजय मांजरेकरने २२ आणि हजाऱ्यांनी १६ केल्या. बाकी कुणाला दहाचा आकडा गाठता आला नाही. फ्रेड ट्रूमनचे ३१ धावांत ८ बळी. ट्रूमन हा संथ फिरकी टाकणारा नव्हता, चांगला तोफखाना होता; तेव्हा सगळा दोष पट्टीवर ढकलणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं होईल. पण ओल्या पट्टीवरची त्याची उसळी पाहून आपले फलंदाज मागे सरकत होते, हेही खरं.

अपवाद विजय मर्चंट यांचा. १९४६ चा इंग्लंडमधला उन्हाळा बदबदा पावसाचा होता आणि त्या दौऱ्यात मर्चंटनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत २३८५ धावा काढल्या, ७४.५३ च्या सरासरीने. इंग्रज समीक्षक चकित झाले. उशिरा खेळण्याची त्यांची लकब जणू त्या मातीसाठीच घडवलेली होती.

मर्चंट यांच्यासारख्यांची संख्या वाढावी, हा विचार मुंबईत अनेकांच्या मनात होता. त्यातून १९४८ मध्ये कांगा लीग सुरू झाली. डॉ. होरमसजी कांगा हे पारशी डॉक्टर आणि उत्तम क्रिकेटपटू. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघात ते होते. त्याच संघात पुण्याच्या मैदानांवर खेळपट्ट्यांची राखण करत मोठे झालेले डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळूही होते. बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवले, तेही इंग्लंडला भाजून काढणाऱ्या उष्ण उन्हाळ्यात, ओल्या पट्टीची कृपा फारशी नसताना. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या या माणसाला संघातलं स्थान मिळवायलाच जी खेळपट्टी तुडवावी लागली, तिच्यापुढे मँचेस्टरची काय कथा!

कांगांच्या स्मृतीसाठीची ही लीग ऐन पावसाळ्यात खेळली जाते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क. पट्टी उघडी, गवत घोट्यापर्यंत, मारलेला चेंडू दहा पावलांवर रुतून बसतो. सीमापार करायचं तर हवेतून, आणि हवेतून मारलं तर झेल. दादर युनियनचे सुनील गावस्कर आणि दिलीप वेंगसरकर या चिखलात खेळले; शाळकरी सचिन तेंडुलकरही. मुंबईचा फलंदाज ‘खडूस’ का, याची कारणं पुष्कळ सांगितली जातात. जुलैतल्या रविवारी पावसाच्या दोन सरींमधल्या उघडिपीत वीस धावा काढायला दीड तास उभं राहण्याची सवय, हे त्यातलं सर्वांत पटणारं. इतर शहरांतून आलेले खेळाडू या लीगला क्रिकेट मानायला तयार नसत. मुंबईकर मानत, आणि कांगात मिळवलेल्या बळींची मोजदाद अभिमानाने ठेवत.

दरम्यान जगभर ताडपत्र्या आल्या. ऑस्ट्रेलियाने १९५० च्या दशकात पट्ट्या झाकायला सुरुवात केली. इंग्लंड हटून बसलं होतं, म्हणून तिथे ऑगस्ट १९६८ चा तो ओव्हलचा सामना घडू शकला. शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाला ३५२ हव्या होत्या, निम्मा संघ गारद झाला होता आणि दुपारी ढगफुटीसारखा पाऊस आला. मैदानाचं तळं झालं. ऊन पडल्यावर माळ्यांच्या मदतीला प्रेक्षक उतरले, झाडू, घोंगड्या, टॉवेल, हाताला लागेल ते घेऊन त्यांनी पाणी टिपलं. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा ७५ मिनिटं उरली होती. बराच वेळ काहीच घडेना, कारण पट्टी अजून नुसती ओली होती. मग ती वाळू लागली. केंटच्या डेरेक अंडरवूडने शेवटचे ४ बळी २७ चेंडूंत उडवले. त्या वेळच्या छायाचित्रात फलंदाजाभोवती इंग्लंडचे सगळेच्या सगळे क्षेत्ररक्षक कोंडाळं करून वाकलेले दिसतात. खेळ संपायला पाच-सहा मिनिटं असताना सकाळपासून खेळणारा जॉन इन्व्हेरॅरिटी ५६ वर पायचीत झाला आणि इंग्लंड जिंकलं.

१९८० च्या सुमारास इंग्लंडनेही पट्ट्या पूर्ण झाकायचं ठरवलं. तिकीट काढून आलेला प्रेक्षक, दूरचित्रवाणीचं वेळापत्रक आणि पाच दिवस खेळ चालण्याची निकड यांच्यापुढे निसर्गाच्या सान्निध्याचं तत्त्वज्ञान टिकलं नाही. तक्रार करण्यासारखं त्यात फारसं नाही. दैवापेक्षा कौशल्याने सामना जिंकला जावा, हे कुणालाही पटेल. तरी गोलंदाजीची एक कला लोप पावली, हेही तितकंच खरं. आज कसोटी खेळणाऱ्या बहुतेक फलंदाजांनी खऱ्याखुऱ्या चिकट पट्टीवर एकही षटक खेळलेलं नसेल.

वाक्प्रचार मात्र टिकला, आणि इंग्रजांच्या सार्वजनिक जीवनात तो टिकण्याचं कारण त्याच्या सोयीत आहे. ‘आम्ही स्टिकी विकेटवर आहोत’ म्हणणारा माणूस अडचण कबूल करतो, चूक कबूल करत नाही. पाऊस काय त्याने पाडला? राजनैतिक अधिकारी, कंपन्यांचे प्रवक्ते, निवडणूक हरत आलेले उमेदवार यांना असा शब्द फार कामाचा. शिवाय त्यात आशेची फट ठेवलेली असते: थोडं तग धरू, पट्टी वाळेल.

क्रिकेटची सगळीच रूपकं इतकी सभ्य नसतात. १३ नोव्हेंबर १९९० रोजी उपपंतप्रधानपदाचा राजीनामा दिलेले सर जेफ्री हाऊ ब्रिटिश संसदेत बोलायला उभे राहिले. आदल्याच रात्री पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी लंडनच्या गिल्डहॉलमधल्या भाषणात आपण कितीही कठीण गोलंदाजी खेळून काढू, अशा आशयाचं क्रिकेटचं रूपक वापरलं होतं. हाऊ यांनी तो धागा उचलला. युरोपशी वाटाघाटींना मंत्र्यांना पाठवायचं आणि मागे स्वतःच त्यांची भूमिका खोडून काढायची, हे म्हणजे सलामीच्या फलंदाजांना मैदानात धाडावं आणि पहिले चेंडू पडताच त्यांच्या बॅटी मोडलेल्या निघाव्यात, त्याही संघनायकानेच सामन्याआधी मोडलेल्या, असं ते म्हणाले. इथे पाऊस नाही, माती नाही. मोडणारा हात कुणाचा, हे सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. ९ दिवसांनी थॅचर यांनी पद सोडण्याचं जाहीर केलं. हाऊ यांनी त्या दिवशी नुसतं ‘सरकार स्टिकी विकेटवर आहे’ असं म्हटलं असतं, तर बाकांवरून माना डोलल्या असत्या आणि कामकाज पुढे सरकलं असतं.

मराठी वर्तमानपत्रांनी क्रिकेटमधून पुष्कळ काही उचललं. नेते एकमेकांना गुगली टाकतात, विरोधक क्लीन बोल्ड होतात, आमदारकीची हॅटट्रिक होते. चिकट खेळपट्टी मात्र मथळ्यांत क्वचितच दिसते. पावसाळ्यात क्रिकेट बंद ठेवणाऱ्या देशात तिची ओळख व्हायची तरी कुठे? ज्या एका शहराला ती होती, तिथल्या शिवाजी पार्कवर पद्माकर शिवलकर नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज वर्षानुवर्षं कांगा लीगमध्ये बळी घेत राहिला, वयाच्या पन्नाशीतही. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याचे ५८९ बळी आहेत आणि सरासरी विसाच्या आत. बिशनसिंग बेदी त्याच काळात, त्याच शैलीची गोलंदाजी करत होता, म्हणून शिवलकरला एकही कसोटी मिळाली नाही.